तिकिटावरचे जास्तीचे किलोमीटर

मुंबईहून मडगावला जाणाऱ्या मांडवी किंवा कोकणकन्येचं तिकीट काढलं की अंतर दिसतं साधारण 765 किलोमीटर. रूळ मोजत गेलात तर सहाशेही भरत नाहीत. छपाईची चूक नाही ही. रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते, कोकण रेल्वेची सुरू होते, आणि तिथून पुढचा प्रत्येक किलोमीटर भाड्यापुरता सुमारे 40 टक्के वाढवून धरला जातो. रोहा ते मडगाव हे 435 किलोमीटरच्या घरातलं अंतर असं भाड्याच्या हिशेबात सहाशेच्या वर जाऊन बसतं.

हे वरचे पावणेदोनशे किलोमीटर नकाशात सापडणार नाहीत. ते 1990 साली दिल्लीत ठरलेल्या एका हिशेबात आहेत. देशातला एक मोठा रेल्वेमार्ग नेहमीच्या वार्षिक अर्थसंकल्पातून न बांधता कंपनी काढून, राज्यांकडून भागभांडवल घेऊन आणि बाजारातून कर्ज उचलून बांधायचा, असं केंद्राने ठरवलं. रेल्वेने घरातल्या घरात एक वेगळी चूल मांडली. मार्ग झाला, आणि आपल्याकडच्या सवयीच्या मानाने फार लवकर झाला. पण चूल वेगळी झाली की मोठ्या घरातून ताट येईलच याची खात्री नसते. त्याचा अनुभव कोकण अजून घेतं आहे.

यादीतली रेल्वे

नवा रेल्वेमार्ग एरवी कसा होतो, ते आधी पाहावं लागेल. सर्वेक्षण होतं, खर्चाचा अंदाज निघतो, गुंतवणुकीवर परतावा किती मिळेल ते तपासलं जातं. कित्येक दशकं हा निकष 14 टक्क्यांचा होता. तो भरला, किंवा भरला नाही तरी राजकीय जोर असला, की मार्गाचं नाव अर्थसंकल्पात येतं. नाव आलं की त्या जिल्ह्यात फटाके वाजतात. खरी गंमत पुढे असते. मंजूर कामांची यादी लांबलचक आणि दरवर्षीची रक्कम ठरावीक, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चमचाभर येतं. काही मार्गांना तर नाव जिवंत राहावं एवढीच नाममात्र तरतूद मिळते. काम थांबलं असं म्हणता येत नाही आणि चाललंय असंही दिसत नाही.

कोकणाचं नाव या यादीच्या दाराशी अनेक वर्षं उभं होतं. बॅ. नाथ पै यांनी लोकसभेत हा विषय लावून धरला, अ. ब. वालावलकरांसारख्यांनी आयुष्य त्यात घातलं. दिव्याहून निघालेले रूळ साठच्या दशकात पनवेलमार्गे आपट्यापर्यंत आले. आपट्याहून रोह्याला पोचायला 1986 उजाडलं. मधल्या काळात 1977 ते 1979 रेल्वेमंत्री कोण होते, तर राजापूरचेच खासदार मधु दंडवते. आपल्याच भागाचा माणूस रेल्वेमंत्री असूनही रूळ रोह्याच्या खाली सरकले नाहीत, यावरून अर्थसंकल्पाची ताकद आणि मर्यादा दोन्ही कळतात.

निकषात कोकण बसणं शक्यच नव्हतं. सह्याद्रीचे फाटे समुद्राकडे उतरलेले, मधे नद्या आणि खाड्या, दर काही किलोमीटरवर बोगदा नाहीतर पूल. आणि इथून वाहून नेणार काय? आंबा, काजू, मासळी आणि मुंबईला जाणारी माणसं. कोळसा नाही, सिमेंट नाही, धान्याची कोठारं नाहीत. भारतीय रेल्वेचा संसार मालवाहतुकीवर चालतो आणि कोकणाची निर्यात मनिऑर्डरवर.

तिघं एकाच किनाऱ्याचे

डिसेंबर 1989 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार आलं आणि पत्ते वेगळे पडले. रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. अर्थमंत्री झाले मधु दंडवते. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नडचे. म्हणजे मागणारा, पैसे देणारा आणि मंजुरी देणारा, तिघंही पश्चिम किनाऱ्याशी बांधलेले. असा योग पुन्हा येणार नाही हे त्या तिघांना कळत असणार.

पण या तिघांनाही अर्थसंकल्पातून सरळ पैसा काढता येत नव्हता. तिजोरीची अवस्था वाईट होती. वर्षभरात देशाला सोनं गहाण टाकायची वेळ आली हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून वाट काढली ती अशी: 19 जुलै 1990 रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही कंपनी स्थापन झाली. त्यात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचे प्रत्येकी 6. बाकी पैसा रोख्यांतून, त्यात करमुक्त रोखेही. कंपनीने मार्ग बांधायचा, चालवायचा, त्याच्या कमाईतून कर्ज फेडायचं आणि फेड झाली की मार्ग भारतीय रेल्वेच्या स्वाधीन करायचा. आज महामार्गांमुळे आपल्या कानावरून गेलेलं ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ हे सूत्र तेव्हा रेल्वेत नवं होतं.

इथे केरळसाठी एक वाक्य खर्च करायला हवं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे 740 किलोमीटरपैकी एकही किलोमीटर केरळात नाही. तरी त्या राज्याने 6 टक्के उचलले, कारण मुंबईला येणारी त्यांची माणसं देशाला वळसा घालून यायची. मुंबई-मंगळूर हा रेल्वेचा प्रवास दोन हजार किलोमीटरवरून एक हजाराच्या आत आला. आपल्या हद्दीबाहेरच्या रुळांसाठी राज्याने खिशात हात घातल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

आता आकडे. भागभांडवल ठरलं 800 कोटींचं. त्यात केंद्राचे 408 कोटी, महाराष्ट्राचे 176 कोटी. मार्ग पुरा होईतो एकूण खर्च व्याज धरून साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला. म्हणजे राष्ट्रीय महत्त्वाच्या या मार्गात केंद्राने भागधारक म्हणून घातलेला पैसा एकूण खर्चाच्या साधारण साडेअकरा टक्के. पाचही भागधारक मिळून पाव हिस्साही भरत नाही. उरलेलं सगळं उधारीवर.

उधारीचा फायदा

या रचनेवर टीका करण्याआधी तिने काय दिलं ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. 15 सप्टेंबर 1990 ला रोह्यात पायाभरणी झाली आणि 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्गावर गाडी धावली. या साडेसात वर्षांत देशाने सहा पंतप्रधान पाहिले. ज्या सरकारने निर्णय घेतला ते पायाभरणीनंतर दोन महिन्यांतच पडलं. मार्ग वार्षिक यादीत असता तर पहिल्याच सत्तांतरात त्याला कात्री लागली असती. कंपनीला मात्र पुढच्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाची वाट पाहायची गरज नव्हती. रोखे विकले गेले की पैसा हातात.

रेल्वे मंडळातून निवृत्त झालेले ई. श्रीधरन कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांनी मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक भागाला आपला मुख्य अभियंता आणि त्याला निर्णयाचे अधिकार. दिल्लीला फाइल पाठवून बसायचं नाही. कंत्राटदाराचं बिल आलं की मोठा हिस्सा लगेच चुकता करायचा, तपासणी मागाहून. कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळं लावली होती, काम संपायला किती दिवस उरले ते दाखवणारी. या घड्याळांचं कौतुक सगळेच करतात, पण त्यांच्यामागे व्याजाचं मीटर चालू होतं हे फार कोणी सांगत नाही. सरकारी खात्याला उशीर फुकट पडतो. रोख्यांवर चालणाऱ्या कंपनीला प्रत्येक महिना मोजून द्यावा लागतो.

आणि उशीर झालाच. 91 बोगदे, एकत्र लांबी 84 किलोमीटर. सर्वांत लांब करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल 64 मीटर उंचीचा. कातळ फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली, आणि खरी अडचण कातळाने नव्हे, मातीने केली. काही बोगदे पाणी भरलेल्या मऊ मातीतून जायचे होते. तिथे यंत्र उपयोगाचं नाही, हाताने इंच इंच खोदायचं आणि रात्रीतून छत खाली आलं की पुन्हा पहिल्यापासून. पेडण्याच्या बोगद्याने सगळ्यांचा घाम काढला. या कामात माणसं गेली, त्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकाजवळ आहे.

गोव्यात वेगळंच. किनाऱ्याकडून मार्ग नेला तर खाजन जमिनी (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनी), जुन्या गोव्याचा वारसा, दाट वस्ती यांना धक्का बसेल म्हणून मोठं आंदोलन झालं. 1992 मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, तरी 1993 मध्ये केंद्राने काही महिने काम थांबवून फेरविचार केला. शेवटी थोड्या बदलांनिशी मार्ग जवळपास तिथूनच गेला. आंदोलकांचे सगळे मुद्दे चुकीचे होते असं मला वाटत नाही. पण त्या महिन्यांचंही व्याज चढलं आणि ते शेवटी तिकिटात आलं.

फेड

कर्ज मालवाहतुकीच्या कमाईतून फिटेल असं गृहीत धरलं होतं. तसं झालं नाही. माल हवा तेवढा आलाच नाही आणि प्रवासी भाड्यातून असल्या मार्गाचं व्याज निघणं जवळपास अशक्य असतं. चाळीस टक्के फुगवलेलं अंतर ही त्या तुटीवरची मलमपट्टी. 1999 मध्ये महामंडळाने कोलाड ते वेर्णा ट्रकच मालगाडीवर चढवून न्यायला सुरुवात केली. रो-रो म्हणून ती सेवा गाजली, आणि कल्पक होतीच. माल रेल्वेकडे येत नसेल तर मालासकट ट्रक उचलू, असा तो विचार. पण एवढ्याने कर्जाचा डोंगर हलत नाही.

रोख्यांच्या मुदती भरत गेल्या तशी रेल्वे मंत्रालयाला कंपनीला कर्ज देऊन ते फेडायला मदत करावी लागली. मग 2008-09 च्या सुमारास साचलेलं कर्ज, चार हजार कोटींच्या आसपास, प्राधान्य समभागांत बदललं गेलं. सोप्या भाषेत, धाकट्या भावाने घर बांधायला बाजारातून कर्ज काढलं, थोरल्याने ते आपल्या खिशातून भरलं आणि मग ‘आता तू मला नंतर बघून दे’ म्हणाला.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे, 1990 मध्ये नाही. केंद्राने पैसे द्यायचे वाचवले नव्हते, नुसते पुढे ढकलले होते, आणि ते ढकलल्याने मार्ग लवकर झाला हे चांगलंच झालं. पण बाजाराचं कर्ज थोरल्या घराने अंगावर घेतलं त्या दिवशी वेगळ्या चुलीचं कारण संपलं होतं. मूळ करारातही फेडीनंतर हस्तांतरच होतं. तेव्हाच ती चूल मोडायला हवी होती. मोडली नाही, आणि कंपनी बाजाराच्या शिस्तीत राहिली नाही, घराच्या वाटणीतही आली नाही.

तुलनेला एक बीड

दुसरी बाजू पाहायची तर बीडकडे पाहावं. अहमदनगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग 1995-96 मध्ये मंजूर झाला. त्या वेळी कोकण रेल्वेची गाडी खेडपर्यंत पोचली होती. बीडला ना बोगद्यांची माळ, ना खाड्या. पुढे राज्याने अर्धा खर्च उचलायचं ठरलं, अंदाज काहीशे कोटींवरून 4,800 कोटींवर गेला. नगर ते आष्टी 66 किलोमीटरवर गाडी सुरू झाली सप्टेंबर 2022 मध्ये. बीड शहराला पहिली गाडी मिळाली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. मंजुरीनंतर तीस वर्षांनी. तिच्या उद्घाटनाला जमलेल्या गर्दीत मंजुरीच्या वेळी जन्मलेली माणसं आपली मुलं खांद्यावर घेऊन आली असतील तर नवल नाही.

म्हणून कोकणवासीयांनी ‘आम्हाला कंपनी नको होती’ असं म्हणताना बीडकरांसमोर जपून म्हणावं. आणि कंपनी हेच औषध आहे असं म्हणणाऱ्यांनी रेल्वेला समांतर धावणारा मुंबई-गोवा महामार्ग पाहावा. पनवेल-इंदापूर टप्पा 2011 मध्ये याच ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने सुरू झाला आणि त्याचं पुढे काय झालं हे गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला माहीत आहे. सूत्र तेच. पण रेल्वेच्या कंपनीमागे सरकारची पत होती, चार राज्यांचा स्वार्थ होता आणि निर्णय घेणारा माणूस जागेवर होता. महामार्गावर कंत्राटदाराचा पैसा आटला आणि सगळंच आटलं.

काश्मीरला पूल, कोकणात एकेरी रूळ

मार्ग झाल्यावर खर्च संपत नाही, हे आपल्या धोरणात कुठेच नीट बसत नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीमुळे सुट्टीची विशेष गाडी घसरली, पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभराने, 16 जून 2004 ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. नंतर डोंगर तासले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, अतिवृष्टीत ताशी 40 किलोमीटरची मर्यादा आली, रात्रभर रुळांवर गस्त घालणारी माणसं आली. हे सगळं आवश्यक होतं, आणि हे सगळं त्याच कंपनीच्या तोकड्या कमाईतून करायचं होतं.

मग कंपनीने पोटासाठी बाहेरची कामं घेतली. बोगदे आणि पुलांचा इतका अनुभव देशात कुणाकडे नव्हता. जम्मू-काश्मीरच्या मार्गावरचा अवघड टप्पा महामंडळाकडे गेला. नदीपात्रापासून 359 मीटर उंचीचा चिनाब पूल त्यातलाच. जून 2025 मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा कोकणातल्या माणसाची छाती फुगली आणि पाठोपाठ एक प्रश्नही आला: तिकडे एवढं करणारे आपल्या घरी दुसरा रूळ का टाकत नाहीत?

उत्तर तंत्रज्ञानात नाही, वाटणीत आहे. काश्मीरचा पैसा केंद्राच्या अर्थसंकल्पातून आला. महामंडळ तिथे कंत्राटी कारागीर. कोकणातला दुसरा रूळ टाकायचा तर कंपनीने कर्ज काढायला हवं, नाहीतर पाच भागधारकांनी आपापल्या प्रमाणात पैसे घालायला हवेत. महाराष्ट्राला रत्नागिरीत दुपदरी मार्ग हवा असेल तर केरळ, गोवा, कर्नाटकानेही त्याच वर्षी खिशात हात घालायचा. असं होत नाही. आजवर दुपदरी झाला तो रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा तुकडा, ऑगस्ट 2021 मध्ये. विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पुरं झालं, समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडावं (क्रॉसिंग) म्हणून नवी स्थानकं आली. पण वीरच्या खाली जवळपास सगळा मार्ग एकेरीच, आणि एकेरी मार्गावर जादा गाडी म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, थांबा. गणपतीच्या दिवसांत चाकरमान्यांसाठी जितक्या विशेष गाड्या, तितकी आडगावच्या स्थानकात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची रांग.

स्थानकांचंही तसंच. कोकणातल्या काही स्थानकांचे दर्शनी भाग आणि पोचरस्ते गेल्या काही वर्षांत देखणे झाले ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पैशातून. रेल्वे स्थानकाचा दरवाजा राज्याचं रस्त्यांचं खातं बांधतं, यात मदतीचा मोठेपणा आहे आणि व्यवस्थेची पंचाईतही.

नाव आणि 396 कोटी

म्हणून महामंडळाच्या भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी जोर धरत गेली. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी आधी संमती दिली. सर्वांत मोठा वाटेकरी असलेलं महाराष्ट्र थांबलं होतं. मे 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी रेल्वेमंत्र्यांना संमतीचं पत्र दिलं. मार्ग भारतीय रेल्वेत गेला तर दुपदरीकरण, दरडींचं काम, स्थानकं, सगळं केंद्राच्या अर्थसंकल्पात मागता येईल. अर्थात मागता येईल. मिळेल की बीडच्या रांगेत उभं राहावं लागेल, हा पुढचा भाग. आज महामंडळाचा अध्यक्ष बेलापुरात बसतो आणि त्याचं सगळं लक्ष या एका मार्गावर असतं. उद्या हा मार्ग तुकडे होऊन दोन-तीन विभागांत गेला तर कोकणाची फाइल कुठल्या टेबलावर असेल, ही शंका कोकणात बरेच जण बोलून दाखवतात, आणि ती उगीच नाही.

महाराष्ट्राने घातलेल्या दोन अटी जाहीर झाल्या. ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहिलं पाहिजे, ही एक. राज्याने आजवर कंपनीत घातलेले सुमारे 396 कोटी रुपये केंद्राने परत करावेत, ही दुसरी. पंचवीस-तीस वर्षं प्रवाशांनी तिकिटामागे जे जास्तीचे किलोमीटर भरले, त्यांचा या दोन अटींत उल्लेख नाही.